जुन्या मासेमारी नौकांवरील डेकचा निचरा आणि थ्रू-हल फिटिंग : या चुका टाळा

पाऊस पडलेला नाही, लाटा नाहीत, नौका रात्रभर दोरावर शांत उभी आहे. तरीही सकाळी डेकच्या मागच्या कोपऱ्यात चार बोटे पाणी साचलेले दिसते. अशा वेळी बहुतेक जण निचऱ्याच्या भोकात बूच ठोकून मोकळे होतात. पाणी येणे थांबते, म्हणून दुरुस्ती झाली असे वाटते. पण डेकवरील पाणी बाहेर जाण्याची वाटही त्याच बुचाने बंद झालेली असते. नौका बांधली गेली तेव्हा हे भोक पाण्याच्या वर होते, म्हणून ते आजही वरच असणार, असे आपण धरून चालतो. पुढे सांगितलेल्या बऱ्याच चुका या एका समजुतीतून निघतात.

आधी पाणी कुठे जाते ते पाहा

कठड्याच्या तळाशी ठेवलेल्या मोठ्या खिडक्या, म्हणजे फ्रीइंग पोर्ट, लाटेसरशी डेकवर चढलेले पाणी थेट समुद्रात सोडतात. स्कपर ही डेकच्या सखल कोपऱ्यातील लहान तोंडे असतात आणि अनेक नौकांत ती डेकखालून जाणाऱ्या होजने बाजूच्या किंवा पिछाडीच्या थ्रू-हल फिटिंगला, म्हणजे नौकेच्या कवचातून आरपार जाणाऱ्या नळीच्या तोंडाला, जोडलेली असतात. काही जुन्या, विशेषतः लहान नौकांत मात्र डेकचे पाणी सरळ बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या तळाच्या पोकळीत, उतरते आणि तेथून पंपाने बाहेर टाकले जाते. तेथे पंप बंद पडला की निचराही बंद पडला. अनेक मालकांच्या हातांतून गेलेल्या नौकेत कोणते तोंड कुठे उघडते हे अनेकदा कोणालाच ठाऊक नसते. प्रत्येक तोंडात रंग मिसळलेले बादलीभर पाणी ओतावे आणि एकाने बाहेर, दुसऱ्याने बिल्जमध्ये पाहावे. अर्ध्या तासाच्या या कामाने पुढचा बराच अंदाजपंचे शोध वाचतो.

जुन्या पाणरेषेवर विश्वास ठेवणे

वर्षे जातात तशी नौका जड होत जाते. आधीपेक्षा वजनदार इंजिन, जादा बॅटऱ्या, बर्फाची मोठी पेटी, रंगाचे आणि फायबरचे थरावर थर, पाणी प्यायलेला फोम या सगळ्यांची बेरीज कोणी करत नाही. पाणरेषेवरील क्षेत्रफळ १५ चौरस मीटर असलेली नौका सुमारे १५० किलो वजन वाढले की १ सेंटीमीटर खाली बसते, आणि तेच वजन पिछाडीला एकवटले तर मागचे कोपरे त्याहून अधिक बसतात. ज्या स्कपरचे बाहेरचे तोंड मुळात पाण्याच्या जेमतेम चार-पाच सेंटीमीटर वर होते, ते अशा रीतीने कधी पाण्याखाली गेले हे लक्षातही येत नाही.

म्हणून तपासणी रिकाम्या नौकेवर करू नये. इंधनाची टाकी भरलेली, बर्फ आणि जाळी जागेवर आणि माणसे जाळे ओढताना उभी राहतात त्याच ठिकाणी उभी, अशा अवस्थेत पाण्याची रेषा बाहेरून खुणेने नोंदवावी आणि प्रत्येक भोक तिच्या किती वर किंवा खाली आहे ते मोजावे. तोंड पाण्याखाली जात असेल तर पहिला उपाय वजन कमी करणे किंवा पुढे सरकवणे हा आहे. परतीचे पाणी अडवणारी झडप हा दुसरा उपाय झाला. आतील डेकच बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली जात असेल तर झडपेचाही उपयोग नाही, कारण उताराविना पाणी बाहेर पडणार नाही.

बूच ठोकण्याचा धोका आकड्यांत मांडला तर नीट समजतो. ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद डेकवर १० सेंटीमीटर पाणी साचले की त्याचे वजन सुमारे १.२ टन होते. हे पाणी एका जागी थांबत नाही. नौका कलली की तेही त्याच बाजूला धावते आणि तिला परत सरळ होऊ देत नाही. या मोकळ्या पाण्याचा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे रुंद, सपाट डेकची नौका येथे अधिक नाजूक ठरते.

जाळी, झडपा आणि अरुंद होज

मासळी वाहून जाऊ नये म्हणून फ्रीइंग पोर्टच्या बिजागरीवर झुलणाऱ्या फळ्या, म्हणजेच झडपा, बांधून किंवा खिळ्यांनी पक्क्या करणे ही चूक सर्रास दिसते, आणि माझ्या मते या लेखातील सर्वांत घातक तीच आहे. १९६६ चा आंतरराष्ट्रीय भाररेषा करार मासेमारी नौकांना लागू नाही, तरी त्यातील दोन अपेक्षा येथे जशाच्या तशा घ्याव्यात : झडप अडकू नये इतकी फट भोवती असावी आणि बिजागरीची कांडी न गंजणाऱ्या धातूची असावी. मासळी अडवायची असेल तर उभ्या सळ्या लावाव्यात.

स्कपरच्या रबरी झडपेत एक खवला किंवा जाळ्याचा धागा अडकला तरी ती उघडी राहते; जुने रबर कडक होऊन वाकलेले असले तर काहीच अडकावे लागत नाही. रंगकामात झडप कडेला चिकटली असेल तर ती उघडतच नाही. भोकाच्या मापातही फसगत होते. ५० मिलिमीटरच्या तोंडाचे क्षेत्रफळ २५ मिलिमीटरच्या तोंडाच्या चौपट असते, त्यामुळे दोन स्कपर एकाच बारीक होजला जोडणे किंवा तोंडावर दाट जाळी बसवणे म्हणजे निचरा कागदावरच ठेवणे होय. होज मध्ये लोंबत असेल तर त्या खोलगट भागात चिकट गाळ साठतो. तिला सतत उतार द्यावा.

थ्रू-हल : पिवळा धातू म्हणजे ब्राँझ नव्हे

पाण्याखालील भोक किती पाणी आत घेते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटीमीटरवर ५० मिलिमीटरचे भोक उघडे पडले तर मिनिटाला साधारण २४० लिटर पाणी आत येते. पंपावर छापलेली क्षमता उंची आणि वळणे नसताना मोजलेली असते, म्हणून प्रत्यक्षात ती बरीच कमी भरते.

असे असूनही पाण्याखाली साध्या पितळेचे नळसामान बसवलेले आढळते. पिवळ्या पितळेत साधारण ३५ ते ४० टक्के जस्त असते. खारे पाणी ते हळूहळू काढून घेते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार जसाच्या तसा राहतो, म्हणून नजर फसते. धातू खरवडल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबीसर रंग दिसला, किंवा हलक्या ठोक्याला खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर ते फिटिंग बदलावे. घासून चकचकीत करण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक आट्यांची आहे. थ्रू-हलचे आटे सहसा सरळ असतात, तर घरगुती बॉल व्हॉल्व्हचे निमुळते. दोन्ही जोडले तर दोन-तीन आटेच धरतात आणि वर टेप गुंडाळल्याने गळती थांबते. ताकद मात्र येत नाही. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या एच-२७ मानकानुसार सीकॉकने, म्हणजे थ्रू-हल बंद करणाऱ्या झडपेने, आतल्या टोकावर ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो, स्थिर भार ३० सेकंद सोसला पाहिजे. बिल्जमध्ये उतरणाऱ्या माणसाचा पाय किंवा घसरलेली बॅटरी लक्षात घेता ही मागणी अवाजवी नाही. गेट व्हॉल्व्ह तर पाण्याखाली नकोच. त्याची आतील कांडी गंजून तुटली तरी चाक फिरत राहते आणि तो उघडा आहे की बंद हे कळत नाही. सीकॉक महिन्यातून एकदा पूर्ण उघडून बंद करावा. अडकलेल्या दांड्यावर पाईप चढवून जोर लावू नये, विशेषतः नौका पाण्यात असताना.

पाणरेषेच्या वरची फिटिंग्ज सुरक्षित समजणे हीदेखील चूकच. प्लॅस्टिकच्या थ्रू-हलचे बाहेरचे तोंड उन्हाने ठिसूळ होते आणि धक्क्याला लागताच तुटते. तेथे बंद करायला झडपही नसते. माल भरल्यावर किंवा नौका कलल्यावर तेच भोक पाण्याखाली जाते.

लाकडी नौकेत आणखी एक बाब पाहावी. इतर धातू वाचावा म्हणून स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे, म्हणजे अॅनोड, गरजेपेक्षा जास्त जोडले तर धातू टिकतो, पण फिटिंगभोवती अल्कली तयार होऊन लाकूड मऊ, तंतुमय होते. फिटिंग घट्ट आणि भोवतीचे लाकूड नखाने उकरण्याजोगे, असे दिसले तर कारण तेथे शोधावे. याउलट फिटिंग काही आठवड्यांतच चाळणीसारखे झाले असेल तर बिल्जमध्ये भिजणारी एखादी विजेची तार आधी तपासावी; नुसत्या दोन धातूंच्या संपर्काने झीज सहसा इतक्या वेगाने होत नाही.

गळती कुठली, हे ठरवताना

गळणाऱ्या फिटिंगवर बाहेरून सिलिकॉन फासणे टाळावे. ते पाण्याखाली टिकत नाही आणि त्याच्या अवशेषांवर पुढचे सीलंट धरत नाही. फिटिंग काढून, जागा स्वच्छ करून पाण्याखाली चालणाऱ्या सीलंटमध्ये पुन्हा बसवावे. डेकमध्ये बाल्सा किंवा प्लायवूडचा गाभा असेल तर भोकाची कड आधी इपॉक्सीने बंद करावी, नाहीतर निचऱ्याचेच पाणी डेक आतून कुजवते.

शोधाची सुरुवात कोरड्या बिल्जपासून करावी. नौका स्थिर असताना पाणी वाढले तर दोष पाणरेषेखाली आहे. संशयित जोडाभोवती कोरडी खडूची पूड शिंपडली की ओघळ दिसतो. डेक धुतल्यावरच वाढले तर स्कपरची होज किंवा तिचा डेकमधील जोड फुटलेला आहे. फक्त समुद्रात चालताना वाढत असेल तर पाणरेषेवरील फिटिंग आणि शाफ्टचा ग्लँड, म्हणजे पंख्याचा दांडा जेथून बाहेर जातो तेथील पाणी अडवणारा जोड, तपासावा. दुरुस्तीनंतर नौका पाण्यात उतरवली की प्रत्येक जोड लगेच, मग तासाभराने आणि दुसऱ्या सकाळी हाताने चाचपून पाहावा. प्रत्येक सीकॉकजवळ त्याच मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवावी. ती अवजारांच्या पेटीत ठेवली तर गरजेच्या वेळी सापडत नाही.