जुन्या काळातल्या इटालियन बॅलेरिनाचं करिअर कसं जुळवायचं

जुन्या इटालियन बॅलेरिनाबद्दल वाचायला घेतलं की बहुतेक ठिकाणी तेवढंच मिळतं, जन्म कुठला, गाजलेला रोल कोणता, वारली कधी, आणि मधली सगळी वर्षं गायब. मला तर ती मधली वर्षंच सगळ्यात महत्त्वाची वाटतात, आणि ती जुळवता येतात, फक्त सीझनच्या हिशोबाने शोधायचं.

कारण तेव्हा, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, इटलीत इम्प्रेसारिओ, म्हणजे नाटकांचा ठेकेदार, थिएटर चालवायला घ्यायचा, सीझनपुरते गायक आणि डान्सर ठरवायचा, सीझन संपला की डान्सर पुढच्या शहरात. सगळ्यात मानाचा सीझन कार्निव्हलचा आणि तो 26 डिसेंबरला सुरू व्हायचा, म्हणजे कागदावर 1839 चा कार्निव्हल लिहिलं असेल तर पडदा 1838 मध्येच वर गेलेला असतो, हे लक्षात ठेवलं नाही तर तारखा वर्षभर पुढेमागे होतात.

आता नावं कुठे बघायची? ऑपेराच्या लिब्रेटोत, म्हणजे संहितेच्या पुस्तिकेत. बॅले ऑपेराच्या अंकांच्या मध्ये किंवा शेवटी व्हायचा, त्यामुळे ऑपेराच्याच छापील पुस्तिकेत बरेचदा डान्सरची यादीही असते, आणि इटालियन लायब्ररींनी अशा कितीतरी पुस्तिका स्कॅन करून ठेवल्यात. यादीत नाव कुठल्या दर्जाखाली आहे तेही टिपून घ्या, मुख्य, कोरिफे (मुख्य डान्सरच्या खालचा, छोट्या गटात पुढे नाचणारा दर्जा), की नुसती मूकअभिनयवाली. एक गोष्ट मात्र जपून, 'रांगो फ्रांचेझे' लिहिलंय म्हणून बाई फ्रेंच समजू नका, तो शुद्ध क्लासिकल नाचणाऱ्यांचा दर्जा होता, त्यात अस्सल इटालियन नावं भरपूर सापडतात.

नावाचे सगळे अवतार शोधा. फॅनी चेरितो हवी असेल तर फ्रान्चेस्का चेरितो पण टाकून बघा. तिचंच करिअर मांडून बघा ना, 1832 ला नेपल्सच्या सान कार्लोमध्ये पदार्पण, 1838 ला मिलानचं ला स्काला, 1840 पासून लंडन, तिथे 1843 ला 'ऑन्दिन' हा बॅले, 1845 ला तालिओनी, ग्रिसी, ग्रान यांच्यासोबत तो चौघींचा प्रसिद्ध नाच 'पा द कात्र', मग 1847 ला पॅरिस ऑपेरा, आणि 1854 ला 'जेम्मा' हा बॅले तर तिने स्वतः बसवला! तेव्हा बायकांना कोरिओग्राफीचं काम फार क्वचित मिळायचं, म्हणून ही नोंद मला खूप मोलाची वाटते. असं ओळीने लावलं की कुठल्या शहरात भाव वाढला ते आपोआप दिसतं.

रशियातल्या तारखा वेगळ्या तपासा, एकोणिसाव्या शतकात तिथलं कॅलेंडर 12 दिवस मागे होतं. कार्लोत्ता ब्रियांझाने 'स्लीपिंग ब्युटी' बॅलेत नायिका ऑरोरा केली ती रशियन तारखेने 3 जानेवारी 1890, आपल्या हिशोबाने 15 जानेवारी.

आणि ऑरोरावरच शोध थांबवू नका. हीच ब्रियांझा 1921 ला लंडनमध्ये रशियन निर्माता दियागिलेव्हच्या बॅले कंपनीत त्याच बॅलेत दुष्ट परी काराबोस म्हणून परत उभी राहिली, म्हणून मोठ्या रोलनंतरची तीसेक वर्षं तरी चाळाच.