प्ले पास चालू, तरी जुन्या गेममध्ये जाहिराती: माझा अनुभव

नाशिकरोडला ताईच्या फोनवर प्ले पासचे (गूगलचं सबस्क्रिप्शन, त्यातले गेम जाहिरातींशिवाय चालतात) पैसे भरलेले, तरी भाच्याच्या जुन्या गेममध्ये दर लेव्हलनंतर जाहिरात यायची. रीस्टार्ट, अपडेट, कॅशे साफ करणं, कशाचाच उपयोग नाही. जाम वैताग आला.

कारण निघालं दोन गूगल खाती. सबस्क्रिप्शन एकावर, गेम उतरवलेला दुसऱ्यावरून.

आधी गेमची प्रगती क्लाउडवर सेव्ह आहे ना, ते बघा. हे टाळू नका, नाहीतर पोराची सगळी मेहनत जाईल. मग गेम अनइन्स्टॉल करा. प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडच्या फोटोवर टॅप करून सबस्क्रिप्शनचं खातं निवडा. गेमच्या पानावर प्ले पासचं तिकिटाचं चिन्ह दिसलं, तरच इन्स्टॉल करा.

घरात प्रत्येकाचा फोन वेगळा असेल, तर गूगलवर घरच्यांच्या खात्यांचा फॅमिली ग्रुप करा. आणखी 5 जणांना त्याच पैशांत चालतं.