जुनी गाडी घेताना जाहिरातीतल्या किमतीमागचा खरा आकडा कसा काढावा

सेकंडहँड गाडी बाजारभावापेक्षा फारच स्वस्त दिसली, की हुरळून न जाता आधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा. मॉडेल, वर्ष, किलोमीटर, तारीख आणि तळाची बारीक अक्षरांतली ओळ, सगळे त्यात आले पाहिजे. जाहिरात रातोरात बदलते आणि मग "तो रेट बेस मॉडेलचा होता" हे ऐकून घ्यावे लागते.

मग ती बारीक ओळ वाचा. आमच्याकडूनच कर्ज घ्या, तुमची जुनी गाडी आम्हालाच द्या, अशा अटी तिथे दडलेल्या असतात. अट तुम्हाला लागू होत नसेल, तर ती किंमत तुमच्यासाठी नाहीच.

गाडी बघायला निघण्याआधी लेखी विचारा. असा मेसेज पुरतो: "जाहिरातीतली हीच गाडी आज विक्रीला आहे का? कर, गाडी नावावर करण्याचा खर्च आणि तुमचे सगळे चार्जेस धरून, कर्ज न घेता, एकूण किती द्यावे लागतील? एकच आकडा कळवा." उत्तरात "एकदा या तर खरं, बसून बोलू" आले, तर खुशाल दुसरी गाडी शोधा. तिथे गेल्यावर "ती सकाळीच गेली, ही बघा" असेच बहुधा ऐकायला मिळते. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात 2010 पासून डीलरला स्वतःचे सगळे चार्जेस धरूनच किंमत जाहीर करावी लागते. भारतातही ऑनलाइन विक्रीत शेवटच्या क्षणी शुल्क उघड करण्याला 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणारी क्लृप्ती, ठरवले आहे. तेव्हा एकूण आकडा विचारण्यात संकोच कसला?

कोटेशन हातात आले की प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, हे सरकारी शुल्क की तुमचे? सरकारी असेल तर पावती मागा. हँडलिंग, कोटिंग, जादा वॉरंटी यांना सरळ "नको" म्हणता येते.

सर्वांत मोठी गफलत हप्त्यात होते. "महिन्याला फक्त एवढे" म्हटले की एकूण रकमेवरून नजर हटते. 5 लाखांचे कर्ज, 12 टक्के व्याज, मुदत 5 वर्षे. घटत्या शिलकीवर व्याज असेल तर हप्ता सुमारे 11,122 आणि एकूण व्याज सुमारे 1.67 लाख. तेच 12 टक्के फ्लॅट, म्हणजे हप्ते फिटत गेले तरी मूळच्या पूर्ण कर्जावर, असतील, तर हप्ता 13,333 आणि व्याज पूर्ण 3 लाख! म्हणून टक्के ऐकून थांबू नका. हप्ता गुणिले महिने, अधिक डाउन पेमेंट, अधिक प्रोसेसिंग फी, हा हिशेब तिथेच मोबाइलवर करा आणि मेसेजमधल्या रोख किमतीशी ताडून बघा.

टोकन देताना पावतीवर चॅसी नंबर, ठरलेली एकूण रक्कम आणि व्यवहार फिसकटल्यास टोकन परत मिळेल का, हे लिहून घ्या. लिहून द्यायला टाळाटाळ झाली, तर पैसे खिशातच ठेवा. पैसे दिल्यावर आकडा फिरवला, तर ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाताना स्क्रीनशॉट, मेसेज आणि पावती तिन्ही जोडा.