दालचिनी की कॅशिया? तुकड्याची कड बघा

लालबागच्या मसाला गल्लीत किंवा मशीद बंदरला नुसतं "दालचिनी द्या" म्हटलं की पुडीत पडते ती बहुधा कॅशिया, म्हणजे दालचिनीच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची साल. गुजराती व्यापारी तिला तज म्हणतात. यात फसवणूक नाही. दालचिनी हा शब्दच फारसी 'दारचिनी'वरून आलेला, म्हणजे चिनी लाकूड. आणि कॅशिया येते ती चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातूनच. श्रीलंकेची हवी असेल तर 'सिलोन' म्हणून मागा आणि कितीतरी पट जास्त दर मोजायची तयारी ठेवा. दोन्ही जवळपास एकाच भावात मिळत असतील तर पैसे देण्याआधी तुकडा हातात घ्या.

बाकी काही बघण्याआधी त्याची कापलेली कड डोळ्यांसमोर धरा. सिलोनच्या कांडीत कागदासारखे पातळ पदर एकात एक गच्च भरलेले दिसतात, विडीच्या टोकाला दिसतात तसे. कारण तिथे झाडाची वरची खरखरीत साल खरवडून टाकतात, आतली पातळ साल सोलतात, सुरळ्या एकमेकींत खुपसतात आणि सावलीत वाळवतात. कॅशियात एकच जाड थर असतो, साधारण १ ते ३ मिलिमीटर. तो वाळताना दोन्ही बाजूंनी आत वळतो आणि मध्ये पोकळी राहते. तिचा रंग लालसर गडद. पाठ न खरवडलेली असेल तर राखाडी-पांढुरके डागही असतात. सिलोनचा रंग फिका, मातकट तपकिरी.

मात्र एकपदरी तुकडा दिसला म्हणून लगेच कॅशिया ठरवू नका. कोकणात नारळ-सुपारीच्या बागांत जी दालचिनी लावतात (दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' त्यातलीच) ती सिलोनच्याच जातीची. पण आपल्याकडे पदरांत पदर भरायची पद्धत फारशी नाही, त्यामुळे साल सुटी, एकपदरी, कधी सपाटही मिळते. अशा वेळी कड काही सांगत नाही, बोटं आणि जीभ सांगतात.

तुकडा चिमटीत दाबा. सिलोन खुसखुशीत, लगेच चुरा होते. कॅशिया लाकडासारखी; मोडायला जोर लागतो आणि मोडते तीही कटकन. मग तांदळाच्या दाण्याएवढा कण जिभेवर ठेवून मिनिटभर चघळा. कॅशिया आधी गोड लागते, मग तिखट झोंबते, शेवटी तुरट होते आणि तोंडात बुळबुळीतपणा येतो. सिलोनचा गोडवा सौम्य, मागून लवंगेची चाहूल. तो लवंगेतल्याच युजेनॉलचा वास, कॅशियात तो नावालाच असतो.

खरी पंचाईत पुडीची. तयार पूड रंगावरून ओळखता येत नाही, भेसळ तर नाहीच नाही. ढोबळ अंदाज हवा असेल तर अर्धा चमचा पूड पाव कप कढत पाण्यात ढवळून पंधरा मिनिटं ठेवा. कॅशियाचं पाणी चिकट, जेलीसारखं दाट होतं. सिलोनचं त्या मानाने पातळ राहतं. शेजारी खात्रीच्या कांडीची घरी केलेली पूड तशीच भिजवून ठेवा, नाहीतर किती दाट म्हणजे दाट हे कळणारच नाही. आयोडीनचे थेंब टाकायचे आणि पूड निळी झाली तर ती कॅशिया, अशीही युक्ती सांगतात. पण निळा रंग स्टार्चमुळे येतो, आणि सिलोनच्या पुडीत कोणी पीठ मिसळलं असेल तर तीही निळी होईल. पाकीटबंद घेताना पाठीमागे शास्त्रीय नाव आणि मूळ देश वाचा. भारतीय अन्न मानकांत दालचिनी आणि कॅशिया या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

एवढा खटाटोप कुणी करायचा? जे रोज चमचाभर पूड कोमट पाण्यातून घेतात त्यांनी नक्की. कॅशियात कुमारिन नावाचं नैसर्गिक रसायन असतं, काहींच्या यकृताला ते बाधतं; सिलोनमध्ये ते नगण्य. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची रोजची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅशियाच्या एका चमचा पुडीत तेवढं सहज असू शकतं. यकृताचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गोडा मसाला, मालवणी मसाला, मटण, बिर्याणी यांना मात्र कॅशियाच बरी. माणशी वाट्याला येते कणभर, आणि तिचा वास तासभराच्या शिजण्याला पुरून उरतो. तिथे सिलोन घालणं म्हणजे पैसे वाया. ती बासुंदीला, फिरनीला, चहाला राखा. आणि मुंबईच्या पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, ५० ग्रॅमहून जास्त नको. दळतानाही फरक ठेवा: सिलोन थेट मिक्सरमध्ये चालते, कॅशिया आधी मंद आचेवर कोरडी गरम करून, गार झाल्यावर खलबत्त्यात ठेचून घ्या. अख्खी टाकली तर भांड्याला ओरखडे पडतात आणि मसाल्यात राहिलेली कुसळं दातांखाली येतात.