जुन्या दगडी गोठ्याच्या दरजा चुन्याने कशा भराव्यात

खानापूर-बेळगाव पट्ट्यातील जांभ्याचे जुने गोठे दुरुस्त करताना सिमेंटचा मोह टाळावा, कारण भिंतीत मुरलेली पावसाची ओल चुन्याच्या दरजांतून (दगडांमधील सांध्यांतून) वाळून बाहेर पडते, तर सिमेंटमुळे ती आतच कोंडते आणि मऊ दगडाच्या कडा झडू लागतात. इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड भागातील चुनखडीच्या जुन्या धान्यकोठारांनाही जाणकार हाच नियम लावतात.

काम पावसाळा सरल्यावर काढावे. सैल झालेला मसाला छिन्नी-हातोडीने, दरजेच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत, हलक्या हाताने उकरावा. येथे घाई करणे म्हणजे दगडच गमावणे, असे माझे स्पष्ट मत आहे. धूळ झाडून भिंत ओली करावी. एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग चाळलेली, मातीविरहित वाळू एकजीव मळून तो मसाला थापीने आतपर्यंत दाबावा, मात्र दगडाच्या तोंडावर त्याचा लेप चढू देऊ नये. त्यानंतर ओले गोणपाट निदान आठवडाभर टांगावे, कारण चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो आणि उन्हात भराभर सुकला तर बोटाने खरवडताच त्याची भुकटी होते.

पोट आलेली किंवा ओळंब्यात (सरळ उभी) नसलेली भिंत मात्र आधी अनुभवी गवंड्याला दाखवावी.