नववीच्या वर्गात रेशन, कुळीथ आणि वजनकाटा

शाळेतलं दुपारचं जेवण आठवीपर्यंतच मिळतं. नववीत ते थांबतं, म्हणजे नेमकं भूक वाढायच्या वयात. त्यात 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत पैशाची ओढाताण सुरू होते. म्हणून रेशनच्या धान्यात पोषण कसं सांभाळायचं, याचा हा पाठ जूनअखेरीस घ्यावा. लागोपाठ दोन तासिका पुरतात.

एक पथ्य आधीच पाळा. 'काल तुमच्याकडे जेवायला काय होतं?' असं वर्गात विचारू नका. ज्याच्या ताटात नुसता भात होता, तो खोटं सांगेल किंवा मान खाली घालून बसेल. त्यापेक्षा फळ्यावर एक काल्पनिक घर मांडा: पाच माणसं, वडील बोटीवर खलाशी, प्राधान्य गटाचं रेशनकार्ड.

आता गणित. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे या घराला महिन्याला माणशी 5 किलो धान्य. दिवसाला पडतात साधारण 167 ग्रॅम. तेवढे तांदूळ काट्यावर मोजून मुलांच्या हातात द्या, नुसता आकडा सांगून भागत नाही. त्यातून मिळतात जेमतेम 580 किलोकॅलरी, तर या वयाला दोन हजारांहून जास्त लागतात. शिवाय त्या 5 किलोत डाळ धरलेलीच नाही. उरलेलं कुठून आणायचं, हे मुलांनाच सांगू द्या. सुकट, शेवग्याचा पाला, टाकळ्याची रानभाजी, कुळीथ, सगळं निघतं.

मग चूल. सहा जणांचा एक गट पिठी करेल, दुसरा उसळ.

पिठीला कुळथाचं पीठ 60 ग्रॅम, पाणी 1 लिटर, लसणीच्या 8 पाकळ्या, 2 मिरच्या, 4 आमसुलं, 2 चमचे तेल, मीठ. पीठ आधी थंड पाण्यात कालवा. उकळत्या पाण्यात कोरडं टाकलंत की गुठळ्या झाल्याच. लसूण-मिरचीची फोडणी, त्यावर पाणी, उकळी आली की कालवलेलं पीठ त्यात ओतून 8-10 मिनिटं ढवळा, म्हणजे कच्चट वास जातो. आमसुलं आणि मीठ शेवटी. पातेलं मोठं घ्या, पिठी उतू जाते.

उसळीला कुळीथ 180 ग्रॅम. सोमवारी रात्री भिजवा, सकाळी निथळून फडक्यात बांधा, गुरुवारी वापरा. पावसाळी हवेत मोड यायला वेळ लागतो, आणि फडकं चिंब राहिलं तर आंबूस वास मारतो. कुकरच्या 4 शिट्ट्या, मग फोडणी. आमसूल कुळीथ शिजल्यावरच घाला. आंबटात तो टणक राहतो.

दोन्ही वाट्या शेजारी ठेवा. पिठीत माणशी 10 ग्रॅम कुळीथ, म्हणजे प्रथिनं जेमतेम 2 ग्रॅम. उसळीत 30 ग्रॅम, म्हणजे 6 ग्रॅमच्या वर. गरम पिठी-भाताने पोट तुडुंब भरतं, आणि फसगत होते ती तिथेच. पिठी सोडायला सांगू नका, घरोघरी तिचाच आधार असतो. आठवड्यातून दोनदा तिच्या जोडीला उसळ हवी, एवढं पुरे.

टाकळा घालायचा तर कोवळी पानंच, तीही जाणत्या माणसाने खुडलेली. मुलांनी आणलेला अनोळखी पाला पातेल्यात नको.

उरलेली उसळ देताना 'कोणाला हवी?' असं विचारू नका. सगळ्यांच्याच डब्यात एकेक पळी घाला.