दुसऱ्याच्या धंद्याचं सोशल मीडिया पेज सांभाळायचं काम घेताय? आधी अकाऊंट कोणाच्या नावावर आहे ते बघा

रील कापायची कशी, कॅनव्हा या डिझाइनच्या अ‍ॅपमध्ये पोस्टर कसं करायचं हे तुम्हाला येतच असेल, नसेल तर पंधरा दिवसांत येईल, त्यावर मी इथे वेळ घालवत नाही. मी हे काम पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यापासून सुरू केलं आणि तिथे ज्यात अडकले त्याबद्दल कुठल्याच कोर्समध्ये कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

कारखान्याचं इन्स्टाग्राम आधीपासून होतं आणि चांगलं चाललेलं. डोळ्यांच्या आखणीचे व्हिडिओ तर लोक परत परत बघायचे, परदेशातली मराठी मंडळी त्यावरूनच मूर्ती ठरवायची, आणि त्या मूर्ती बोटीने जातात म्हणजे बुकिंग कितीतरी महिने आधी सुरू होतं. पण अकाऊंट उघडलेलं आधीच्या मुलाने, स्वतःच्या मोबाईल नंबरवर आणि स्वतःच्याच जीमेलवर. तो नोकरी लागून गेला, नंबरही बदलला. मालकांकडे फक्त पासवर्ड. माझ्या फोनवर लॉगिन करायला गेले की कोड जाणार त्याच्या बंद नंबरवर! ऐन बुकिंगच्या दिवसांत मेसेज येत होते आणि आम्हाला एकही उघडता येत नव्हता. मालक काका एवढंच म्हणाले, "अगं, कारखाना माझा, मग किल्ली दुसऱ्याकडे कशी?"

नशीब की त्या मुलाच्या घरी एका जुन्या टॅबवर अकाऊंट अजून चालू होतं, तिथून नंबर आणि ईमेल बदलून घेतला. सगळ्यांना असा टॅब सापडत नाही.

म्हणून काम घेतल्यावर पहिली पोस्ट टाकायच्या आधी हे करा. इन्स्टाग्रामला मालकाचा नंबर आणि मालकाचा ईमेल, तुमचा नाही. धंद्यासाठी घेतलेलं जास्तीचं सिम असेल तर त्याचा रिचार्ज चालू आहे का विचारा, कारण प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर बंद होऊ शकतं आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं कुलूप, चालू करा, फोन हाताशी नसताना उपयोगी पडणारे बॅकअप कोड कागदावर लिहून मालकाच्या कपाटात ठेवायला लावा. फेसबुक पेजला तर स्वतःचा पासवर्डच नसतो, ते कोणाच्या तरी पर्सनल प्रोफाइलवरून चालतं. त्यामुळे फुल कंट्रोल मालकाच्या प्रोफाइलला आणि तुम्हाला कामापुरता अ‍ॅक्सेस. आणि मालकाचं प्रोफाइल खऱ्या नावाने हवं बरं का, देवाच्या नाहीतर दुकानाच्या नावाने उघडलेलं प्रोफाइल लॉक झालं की ओळखपत्र मागतात, आणि आधारवरचं नाव जुळत नाही. जाहिराती करायच्या असतील तर बिझनेस पोर्टफोलिओ, म्हणजे धंद्याची पेजं आणि जाहिराती एकत्र सांभाळायचं खातं, तेसुद्धा मालकाच्या लॉगिनमधून उघडा. तुमच्या किंवा एखाद्या एजन्सीच्या पोर्टफोलिओत उघडलेलं अ‍ॅड अकाऊंट, म्हणजे जाहिरातींचं खातं, नंतर मालकाकडे ओढून आणता येत नाही, कोणाला दाखवलं, कोणी क्लिक केलं, सगळा हिशोब तिकडेच राहतो.

हे शिकताना फोनची भाषा थोडे दिवस इंग्रजीच ठेवा असं मी सांगेन, मराठी ठेवली तर व्हिडिओत दाखवलेलं बटण शोधण्यातच जीव जातो.

आता एक स्पष्ट बोलते. या लाईनमधले बरेच सीनियर नव्या मुलांना शिकवतात की अ‍ॅक्सेस आपल्याकडेच ठेवायचा म्हणजे क्लायंट सुटत नाही. मलाही हेच सांगितलं होतं. हा सल्ला अजिबात ऐकू नका. ही अडवणूक आहे, आणि तालुक्याच्या गावात ही गोष्ट लपत नाही, बाजारात एकाने सांगितलं की दहा जणांना कळतं. अशा माणसाकडून काम शिका हवं तर, पण ही सवय उचलू नका. आणि हजारोंचे कोर्स घ्यायची घाई करू नका, फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी मेटा, तिचे ब्लूप्रिंट नावाचे ऑनलाइन धडे फुकट आहेत, आधी ते धडे तर संपवा. फॉलोअर विकत घेऊन देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, त्यातला एकही माणूस मूर्ती घेत नाही.

गाण्यांबद्दलही एक सांगते. बिझनेस अकाऊंटवर बरीच गाणी दिसतच नाहीत, ती तुमची चूक नाही, धंद्यासाठी त्या गाण्यांचा परवाना नसतो. दुसरीकडून गाणं चिकटवून टाकलं तर रीलचा आवाज बंद होऊ शकतो. आमच्या तर कारखान्यातल्या आवाजाच्याच रील जास्त चालल्या, पॉलिश पेपर घासल्याचा आवाज, कारागिरांच्या गप्पा.

सुरुवातीला व्ह्यू येत नाहीत तेव्हा फार एकटं वाटतं, मला रात्री झोप लागायची नाही. घाबरू नका, दोन महिने नियमित टाकत राहा, कोण काय विचारतंय ते वहीत लिहा, पुढच्या रीलचा विषय त्यातूनच निघतो.

पैशाचं मात्र पहिल्या दिवशीच बोला. जाहिरातीचा खर्च मालकाच्या कार्डावरून, तुमची फी वेगळी. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो तो बजेट सांगतानाच धरा, नाहीतर बिल आल्यावर ते वरचे पैसे तुमच्या फीमधून कापले जातात.